रजेत असताना झालेली बदली आणि कर्जखात्यांतला घोळ: तक्रार एक करावी की दोन?

मृण्मयी_स:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण तपशिलाशिवाय कुणालाच सल्ला देता येणार नाही.

मी एका एनबीएफसीत, म्हणजे बिगर-बँक वित्त कंपनीत, क्रेडिट विभागात मॅनेजर आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कृपया अंदाजही बांधू नका. २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपवून रुजू झाले त्याच दिवशी एचआरने पत्र हातात ठेवलं. क्रेडिटमधून माझी बदली कागदपत्र तपासणी विभागात. ग्रेड तोच, मूळ पगार तोच. पण टीम गेली, सँक्शनिंग पॉवर (कर्ज मंजूर करण्याचा अधिकार) गेली आणि व्हेरिएबल पे (कामगिरीनुसार बदलणारा पगार) ज्या केआरएवर, म्हणजे कामाच्या निकषांवर, मिळतो ते केआरएच बदलले. अप्रेझलमध्ये शेरा आहे: ‘वर्षभर पूर्णवेळ उपलब्ध नव्हत्या.’ रेटिंग एक पायरी खाली. माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याला त्याच कामासाठी माझ्याहून जास्त पगार आहे, हे त्यानेच बोलता बोलता सांगितलं.

आता दुसरी बाजू. रजेवर जायच्या आधी काही खात्यांवर मी लेखी टिपणी केली होती. हप्ते थकत आले की ९० दिवस भरायच्या आत कर्जदाराच्या नात्यातल्या फर्मला नवं कर्ज मंजूर व्हायचं, ती रक्कम फिरून जुन्या खात्यात यायची आणि खातं पुन्हा ‘स्टँडर्ड’, म्हणजे नियमित. साहेब म्हणाले, “आत्ता नको, नंतर बघू.” नंतर काही झालं नाही.

बदलीचं कारण विचारलं तर “आरबीआयचा रोटेशनचा नियम आहे” एवढंच उत्तर. मला कळत नाहीये की आरबीआयच्या लोकपालाकडे जावं, महिला आयोगाकडे जावं, की कामगार आयुक्तांकडे. आणि एकाच अर्जात सगळं लिहावं का? झोप उडाली आहे, त्यामुळे नेमकं सांगा, कडू असलं तरी चालेल.

खतावणी:

मृण्मयीताई, आधी बाळाचं अभिनंदन. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे फक्त माझ्या हद्दीतलं सांगतो.

लोकपालाकडे जाऊ नका. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला आली, त्यात बँकांबरोबर बऱ्याच एनबीएफसीही येतात, पण ती ग्राहकांसाठी आहे. मालक-कर्मचारी वाद त्या योजनेतून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. अर्ज परत येईल आणि मधले आठवडे फुकट जातील. लोकांची इथेच गल्लत होते. ‘आमच्या कंपनीवर आरबीआयची देखरेख आहे, मग आमच्यावरच्या अन्यायाचं गाऱ्हाणंही आरबीआय ऐकेल’ असं वाटतं. नियामक बघतो तो ठेवीदाराचा पैसा, कर्जाची गुणवत्ता, हिशोबाची खरी स्थिती. तुमचं अप्रेझल त्याच्या टेबलावरचा विषय नाही.

कर्जखात्यांतला घोळ मात्र पूर्णपणे त्याच्या टेबलावरचा आहे. म्हणून माझ्या मते अर्ज दोन, आणि दोन वेगळ्या दारांत.

वकील_अश्विनी:

काकांशी सहमत. मृण्मयी, सविस्तर लिहिते, पण आधी एक सांगा. बदलीच्या पत्रावर तारीख कोणती आहे? हातात मिळाल्याची नव्हे, पत्रावर छापलेली.

मृण्मयी_स:

आत्ता काढून बघितलं. तारीख माझ्या रजेतली आहे! रुजू होण्याच्या बऱ्याच आधीची. हे लक्षातच आलं नव्हतं.

वकील_अश्विनी:

मग हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम कागद आहे. मूळ प्रत घरी नेऊन ठेवा. पाकीट असेल तर तेही, आणि पत्र कोणत्या दिवशी कुणी दिलं याची आजच एक ओळ लिहून एचआरला ईमेल करा: “अमुक तारखेचं पत्र मला अमुक तारखेला मिळालं.” भांडण नाही, आरोप नाही, फक्त नोंद.

कारण असं. स्त्री प्रसूती रजेवर असताना तिला कामावरून काढायचं नाही आणि तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करायच्या नाहीत, हे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १२ मध्ये होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६८ मध्ये गेली. गाभा तोच राहिला. मॅनेजर असल्याने तुमच्या हक्कात काही कमी होत नाही, तिथे पदाची अट नाही.

कंपनी काय म्हणेल तेही सांगते: ‘ग्रेड तोच, पगार तोच, मग तोटा कसला? नेमणूकपत्रात बदलीचं कलम आहेच.’ हा बचाव कच्चा नाही. बदली हा व्यवस्थापनाचा अधिकार समजला जातो, आणि आकस किंवा नियमभंग दाखवता आला तरच न्यायालयं त्यात सहसा हात घालतात. म्हणून ‘मला वाईट वाटलं’ इथे थांबू नका, तोटा आकड्यांत दाखवा. रजेआधीचे केआरए आणि आताचे केआरए शेजारी ठेवा. व्हेरिएबल पेवर किती फरक पडतो ते काढा. सँक्शनिंग पॉवर कोणत्या आदेशाने दिली होती आणि कोणत्या आदेशाने काढली ते शोधा. आणि आता तुम्हाला दिलेल्या खुर्चीवर तुमच्याआधी कोणत्या ग्रेडचा माणूस बसत होता?

पगारातल्या फरकाचं वेगळं. १९७६ चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे. त्याच मालकाकडे तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम असेल तर लिंगावरून वेतनात भेद करता येत नाही. या संहितेतला ‘कर्मचारी’ मॅनेजरलाही धरतो. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे इथे घाई नाही. सहकारी जे बोलला ते मात्र पुराव्यात धरू नका आणि त्या बिचाऱ्याचं नावही कुठे लिहू नका. वेतनाची नोंदवही ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, प्राधिकाऱ्यासमोर ती मागवता येते. आणि हेही लक्षात घ्या की अनुभव, कौशल्य, कामाचा भार यांवरून पडलेला फरक म्हणजे आपोआप भेदभाव नव्हे.

प्रसाद७७:

ऑफिसमध्ये इंटर्नल कमिटी असेलच ना? तिथेच का नाही द्यायची तक्रार?

वकील_अश्विनी:

ती समिती २०१३ च्या कायद्याखालची, आणि तिचं काम लैंगिक छळाच्या तक्रारींचं. बाईवर झालेला प्रत्येक अन्याय तिच्याकडे जात नाही. तसा प्रकार घडला असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. मृण्मयीच्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही.

सावनी:

थोडं अवांतर होईल, पण मलाही विचारायचं आहे. मी बँकेत ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा गुंतवणाऱ्या विभागात, आहे. मागच्या महिन्यात सकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं, आजपासून सक्तीची रजा. सिस्टिम लॉगिन बंद, फक्त ऑफिसचा ईमेल चालू. आदल्याच आठवड्यात माझा एका वरिष्ठांशी वाद झाला होता. सगळ्यांसमोर बॅग उचलून निघताना इतकं अपमानास्पद वाटलं की मी भेदभावाची तक्रार लिहून तयार ठेवली आहे. देऊ का?

खतावणी:

सावनी, थांबा. तुमच्यासाठी हा नियम नीट माहीत असणं फार गरजेचं आहे.

संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान १० कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता रजेवर पाठवायचं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना घालून दिलं आहे. २०१५ मध्ये होतं, जुलै २०२१ मध्ये नव्याने परिपत्रक निघालं. ट्रेझरी ही त्यातली ठरलेली जागा. रजेच्या काळात त्या माणसाला कामाशी संबंधित कुठल्याच गोष्टीला हात लावता येऊ नये आणि फक्त सर्वसाधारण वापराचा ऑफिसचा ईमेल चालू राहावा, हेही त्यातच आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत जे झालं ते अक्षरशः नियमाप्रमाणे. हेतू असा की कुणी व्यवहार दाबून ठेवत असेल तर तो त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याच्या हाती लागावा. सूचना दिली तर उपयोगच उरत नाही.

मी स्वतः अशा रजेवर लोकांना पाठवलं आहे आणि प्रत्येकाचा चेहरा पडलेला बघितला आहे. साहेबांनी दोन वाक्यांत कारण सांगायला हवं होतं, ही तुमची तक्रार मी मान्य करतो. पण भेदभाव म्हणायचा तर आधी बघा, त्याच डेस्कवरच्या इतरांनाही वर्षभरात असंच पाठवलं का. बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असतं, संवेदनशील जागांची यादी असते. ती मागा. एकट्या तुम्हालाच पाठवलं असेल तर मुद्दा उभा राहतो. सगळ्यांना पाठवलं असेल तर तो कागद फाडून टाका.

सावनी:

विचारलं. माझ्या डेस्कवरचे दोघे आधीच जाऊन आले आहेत. तक्रार देणार नाही. काका, मनापासून आभार. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

मृण्मयी_स:

मग माझ्या ‘रोटेशनच्या नियमा’चंही असंच असेल का?

खतावणी:

असेल किंवा नसेल, ते तुम्ही ठरवायचं नाही, त्यांनी दाखवायचं. एका ओळीत विचारा: “माझी बदली ज्या नियमानुसार झाली त्या परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि कंपनीच्या धोरणातलं संबंधित कलम कळवावं.” खरा नियम असला तर क्रमांक द्यायला पाच मिनिटं पुरतात. उत्तर आलं नाही तर ते मौनही तुमच्या फाईलमध्ये लावा.

ऑडिटवाला:

मी अंतर्गत लेखापरीक्षणात आहे, एनबीएफसीतच. खात्यांच्या भागावर लिहितो, कारण चांगली माणसं नेमकी इथे अडकतात.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. मॅडम, एकाही कर्जदाराची फाईल, स्टेटमेंट, केवायसी स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. फोटोही काढू नका. तक्रार शंभर टक्के खरी असली तरी कंपनी ‘ग्राहकांची गोपनीय माहिती बाहेर नेली’ म्हणून तुमच्यावर चार्जशीट ठेवेल, आणि मग चर्चा खात्यांची राहत नाही, तुमची होते. स्वतःची पत्रं, स्वतःचं अप्रेझल, स्वतःचे केआरए जरूर ठेवा. कर्जखात्यांबाबत कर्ज क्रमांक, मंजुरीची तारीख, रक्कम आणि पैसे ज्या दिवशी फिरले तो दिवस, एवढं तक्रारीत पुरतं. तपास करणारा उरलेलं सिस्टिममधून काढतो. तुमची टिपणी फाईलवर असेल तर तिची तारीख आणि ती कुणाला गेली होती ते लिहा.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला आमच्याकडे एव्हरग्रीनिंग म्हणतात. थकणारं कर्ज नव्या कर्जाने फेडल्यासारखं दाखवायचं, म्हणजे खातं एनपीए (९० दिवसांहून जास्त थकलेलं कर्ज) होत नाही, संभाव्य तोट्यासाठी तरतूद करावी लागत नाही, नफा फुगलेला दिसतो. त्यात नुकसान होतं ते कंपनीला पैसे देणाऱ्या बँकांचं, रोखेधारकांचं, आणि शेवटी त्या बँकांत पैसे ठेवणाऱ्या लोकांचं. म्हणून हा विषय सोडू नका, असं मी कळकळीने सांगतो. नात्यातल्या फर्मचा समान पत्ता, समान जामीनदार, त्याच दिवशी आत-बाहेर झालेली रक्कम, ही लक्षणं असतील तर तेवढीच लिहा. ‘भ्रष्टाचार’, ‘संगनमत’ हे निष्कर्ष लिहू नका.

द्यायची कुठे? कंपनी कायदा, २०१३ चं कलम १७७ बघा. शेअर बाजारात सूचीबद्ध म्हणजे लिस्टेड कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या, यांना व्हिजिल मेकॅनिझम, म्हणजे गैरप्रकार कळवण्याची अंतर्गत यंत्रणा, ठेवावंच लागतं. एनबीएफसीचा धंदाच बँकांकडून पैसे उचलून चालतो, त्यामुळे जरा मोठी कंपनी यातून सुटत नाही. तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये याची तरतूद त्या यंत्रणेत असायला हवी, आणि योग्य प्रकरणी ऑडिट कमिटीच्या (संचालक मंडळाच्या हिशोब बघणाऱ्या समितीच्या) अध्यक्षांकडे थेट जाता यायला हवं. तुमच्या साहेबांनीच टिपणी बाजूला ठेवली, म्हणजे थेट जाण्याचं कारण आहे. कंपनीच्या वेबसाइटवर धोरण टाकलेलं असतं, त्यातला पत्ता घ्या.

मालमत्ता १,००० कोटींच्या वर असेल तर कंपनी आरबीआयच्या वर्गवारीत मिडल लेयरमध्ये येते. तिथे चीफ कंप्लायन्स ऑफिसर (नियम पाळले जातात का ते बघणारा अधिकारी) नेमणं बंधनकारक आहे आणि त्याच्यावर धंद्याच्या विभागांचा वचक नसावा अशी रचना आहे. त्यांना प्रत द्या.

निलेश_कु:

व्हिसलब्लोअर, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीचा, कायदा आहे की २०१४ चा. त्याखाली संरक्षण मागा.

ऑडिटवाला:

निलेश, तो संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण अंमलात आणलेलाच नाही. शिवाय त्याचा रोख सार्वजनिक सेवकांवर. सरकारी बँकांतल्या लोकांना २००४ च्या ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाता येतं, तिथे नाव गुप्त ठेवतात, पण निनावी अर्ज घेत नाहीत. खासगी आणि परदेशी बँकांसाठी आरबीआयने २००७ मध्ये प्रोटेक्टेड डिस्क्लोजर योजना आणली. ती बँकांसाठी, एनबीएफसीसाठी नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या (आतली माहिती वापरून केलेल्या शेअर व्यवहारांच्या) नियमांत खबर देणाऱ्या कर्मचाऱ्याला डिमोशन, धमकी, भेदभाव यांपासून संरक्षण आहे, पण ते इनसायडर ट्रेडिंगपुरतंच. आपल्याकडे हे संरक्षण असं तुकड्यातुकड्यांत आहे. म्हणून कुठल्या तुकड्यात आपण बसतो ते बघूनच पाऊल टाकायचं.

निलेश_कु:

माहितीबद्दल धन्यवाद, पण दोन अर्जांचं मला पटत नाही. बदलीमागचं खरं कारण ती टिपणीच असेल तर? वेगळे अर्ज केले तर आकस सिद्ध कसा होणार? दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय गोष्टच कळत नाही.

वकील_अश्विनी:

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका निकालात आहे. पंजाब अँड सिंध बँकेतल्या एका अधिकारी बाईंनी इंदूरच्या शाखेतल्या अनियमितता वर कळवल्या होत्या आणि वरिष्ठाविरुद्ध छळाची तक्रारही केली होती. २०१७ मध्ये त्यांची जबलपूर जिल्ह्यातल्या शाखेत बदली झाली. त्या स्केल चारच्या, आणि नवी जागा स्केल एकच्या, म्हणजे बऱ्याच खालच्या श्रेणीच्या, अधिकाऱ्याची. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदली सूडाची ठरवली, त्यांना इंदूरला परत नेमायला सांगितलं आणि ५०,००० रुपये खर्च द्यायला लावला. चौकशी समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बँकेच्याच पॅनेलवरची वकील होती, त्यावरही न्यायालयाने बोट ठेवलं.

म्हणजे दोन गोष्टींचा संबंध लावता येतो, पण न्यायालय तो तारखांच्या क्रमातून आणि पदाच्या विसंगतीतून लावतं. म्हणून भेदभावाच्या अर्जात टिपणीचा उल्लेख एका वाक्यात करा: अमुक तारखेला मी लेखी टिपणी दिली होती, बदलीचा आदेश त्यानंतर अमुक दिवसांनी निघाला. बस्स. खात्यांचा तपशील तिथे नको. कामगार खात्याचा अधिकारी कर्ज वर्गीकरण तपासणार नाही, ऑडिट कमिटी तुमचा केआरए बघणार नाही. एकत्र अर्ज केलात तर प्रत्येक जण ‘यातला अर्धा भाग आमच्या कक्षेत नाही’ म्हणून उरलेला अर्धाही परत पाठवेल. हे मी फार वेळा बघितलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण माणूस खरा असतो.

प्रसाद७७:

हायकोर्टात रिट, म्हणजे थेट याचिका, नाही का करता येणार? माझ्या भावाने केली होती, सरकारी बँकेत आहे तो.

वकील_अश्विनी:

सरकारी बँक राज्यघटनेच्या कलम १२ खाली ‘राज्य’ ठरते, म्हणून कलम १४ आणि १६ तिला थेट लागू होतात आणि २२६ खाली रिट चालते. खासगी बँकेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या फेडरल बँक निकालात सांगितलं की आरबीआयचं नियंत्रण आहे एवढ्यावरून ती रिटच्या कक्षेत येत नाही. मृण्मयीच्या कंपनीलाही तेच तत्त्व लागू होईल. (कुणी अपंगत्वाच्या कारणाने हे वाचत असेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बघा. समान संधीचं धोरण प्रत्येक आस्थापनेला, खासगीलाही, ठेवावं लागतं.)

मृण्मयी_स:

सगळ्यांचे आभार. त्या खुर्चीवर आधी माझ्यापेक्षा दोन ग्रेड खालचे गृहस्थ होते, हे कळलं. एचआरने नियमाचा क्रमांक अजून दिलेला नाही. काल रात्री पहिला परिच्छेद लिहिला, बघाल का?

‘मी प्रामाणिकपणे काम करत असताना केवळ स्त्री असल्याने आणि मातृत्वामुळे व्यवस्थापनाने आकसबुद्धीने माझ्यावर घोर अन्याय केला असून माझं मानसिक खच्चीकरण करण्यात आलं आहे. कंपनीची मानसिकताच स्त्रीविरोधी आहे.’

वकील_अश्विनी:

तुमचा संताप पूर्णपणे समजतो, मृण्मयी. पण यात एकही तारीख नाही, आणि ‘मानसिकता’ सिद्ध करायची जबाबदारी तुम्ही स्वतःवर ओढवून घेतली आहे. असं करून बघा:

‘मी अमुक ते अमुक या काळात मंजूर प्रसूती रजेवर होते. रजा चालू असताना अमुक तारखेच्या आदेशाने माझी बदली कागदपत्र तपासणी विभागात करण्यात आली. हा आदेश मला अमुक तारखेला, रुजू झाल्यावर देण्यात आला. नव्या पदावर माझ्याआधी माझ्यापेक्षा दोन ग्रेड खालचे कर्मचारी काम करत होते. या बदलीमुळे माझे कर्जमंजुरीचे अधिकार संपुष्टात आले आणि माझ्या बदलत्या वेतनाचे निकष माझ्या तोट्याचे झाले. तुलना परिशिष्ट १ मध्ये आहे. मूल्यांकनात “वर्षभर पूर्णवेळ उपलब्ध नव्हत्या” असा शेरा असून तो मंजूर रजेच्या काळाबद्दल आहे.’

शेवटी मागणी स्पष्ट लिहा: आदेश मागे घ्यावा, शेरा काढावा, रेटिंगचा फेरविचार व्हावा. पहिलं निवेदन कंपनीला, ठराविक दिवसांत उत्तर मागा. उत्तर आलं नाही की कामगार खात्याकडे. बँक असती तर केंद्राची यंत्रणा लागली असती, खासगी एनबीएफसीला सहसा राज्याची.

खतावणी:

ईमेलबरोबर कागदही पाठवा. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टच करा, पोचपावती मागून घ्या.

मृण्मयी_स:

अश्विनीताई, शेवटचं एक. वाट बघण्यात मुदत तर नाही ना जाणार?

वकील_अश्विनी:

चांगलं विचारलंत. प्रसूती लाभ नाकारला किंवा कामावरून काढलं तर अपिलाला ६० दिवस असतात, आणि ते आदेशावरच्या तारखेपासून नव्हे, आदेश तुम्हाला कळवला त्या तारखेपासून मोजतात. तुमचं प्रकरण सेवाशर्ती बदलल्याचं आहे, तरी हीच ६० दिवसांची मर्यादा धरून चाला, म्हणजे पुढे मुदतीचा वाद निघणार नाही. कंपनीला उत्तरासाठी १५ दिवस द्या, त्याहून जास्त नको. पत्र मिळाल्याचा तो ईमेल एचआरला पाठवलात का? नसेल तर आधी तो पाठवा, बाकी सगळं त्यानंतर.